सर्वानुमते

चेन्नईच्या एग्मोर भागातील सरकारी संग्रहालयात रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना दक्षिण भारतात जी मडकी सापडली, त्यांतून ही नाणी निघालेली आहेत. कामानिमित्त त्या शहरी जाणे झाले, की मी तासभर तरी तेथे काढीत असे. पुढेपुढे त्यांतल्या एका प्रकारच्या नाण्याशी माझी विशेष ओळख झाली. चांदीचे, जुन्या पावलीएवढे नाणे. एका बाजूला ऑगस्टसचे मस्तक, त्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला टोगा पांघरून शेजारी शेजारी उभी असलेली दोन मुले. त्यांचे हात ढालींवर टेकलेले, मागे भाले.

इ.स.पू. २ नंतरच्या काही वर्षांत गॉल प्रांतातील लुगडुनम, म्हणजे आजचे ल्यों, येथील टांकसाळीत हे नाणे पाडले गेले आणि मिऱ्यांच्या व तलम वस्त्रांच्या मोबदल्यात जहाजांतून भारतात आले. त्यावरची मुले म्हणजे गायस आणि ल्युसियस. ऑगस्टसच्या मुलीची मुले, त्याने दत्तक घेतलेली. भोवतीच्या लॅटिन अक्षरांत त्यांना ‘नियोजित कॉन्सल’ म्हटले आहे. कॉन्सल हे रोमन प्रजासत्ताकातील सर्वोच्च वार्षिक पद. ते लोकांच्या मतांनी मिळे, एका वर्षापुरते मिळे, आणि नियमाप्रमाणे त्यासाठी चाळिशी उलटावी लागे. गायसला हे पद योजिले गेले तेव्हा तो पंधराव्या वर्षात होता. आजोबांमागून राज्य नातवांकडे जावयाचे, एवढाच या नाण्याचा अर्थ. पण तो सांगताना वापरलेला एकही शब्द राजेशाहीतला नव्हता.

दोन्ही मुले अकाली गेली. ल्युसियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये. नाणे मात्र भारतात चालत राहिले. इतके की इकडच्या कारागिरांनी त्याच्या नकला पाडल्या. नकलांवरची अक्षरे म्हणजे नुसत्या रेघा आहेत. पाडणाऱ्याला ती वाचता येत नव्हती आणि घेणाऱ्याला ती वाचावयाची नव्हती. चांदी खरी असली म्हणजे झाले. त्या रेघांकडे पाहताना माझ्या मनात येई, की मूळ अक्षरे ज्या रोममध्ये सर्वांना वाचता येत होती, तेथेही त्या काळी याहून फारसे निराळे काही घडत नव्हते.

दक्षिणेतील एका शहरी मी एकतीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकविला. प्राचीन रोम हा त्यातला माझ्या आवडीचा भाग. प्रजासत्ताकाचा अंत शिकविताना जवळजवळ दरवर्षी कोणी ना कोणी विचारी, “सर, प्रजासत्ताक संपले ते नेमके कोणत्या दिवशी?” परीक्षेत तारीख विचारली जाते, म्हणून हा प्रश्न. मी फळ्यावर सनांची एक रांग लिहीत असे. इ.स.पू. १३३, ८८, ४९, ४४, ४२, ३१, २७, २३. आणि शेवटी इ.स. १४. म्हणत असे, यांपैकी कोणतीही घ्या, तिच्या बाजूने लिहिता येईल. विद्यार्थी हसत आणि सगळे सन उतरवून घेत. उत्तर चतुर होते. ते प्रामाणिक नव्हते, हे कळावयाला मला फार वर्षे लागली.

हे प्रजासत्ताक एका भीतीतून जन्मले होते. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये रोमन लोकांनी आपला शेवटचा राजा टार्क्विन याला हाकलून दिले, आणि ‘राजा’ हा शब्दच त्यांच्या भाषेत शिवीसारखा झाला. पुन्हा कोणी राजा होऊ नये म्हणून त्यांनी सत्तेचे तुकडे केले. कॉन्सल एक नव्हे, दोन. आणि त्यांतला एक दुसऱ्याला अडवू शके. मुदत एक वर्षाची. सामान्य जनांच्या वतीने ट्रिब्यून. त्यांच्या अंगाला हात लावणे हे पाप, आणि त्यांचा एक नकार कोणतेही काम थांबवू शके. घोर संकटात सर्वाधिकारी नेमता येई, डिक्टेटर हा शब्द तेथलाच. पण सहा महिन्यांच्या वर नाही. या साऱ्यांवर सिनेट. तिचे म्हणणे म्हणजे केवळ सल्ला, पण तो मोडण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे. या रचनेचा बराचसा भाग लिखित नव्हताच. ती वडीलधाऱ्यांच्या रीतीवर, म्हणजे लोकलाजेवर उभी होती.

तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती मूठभर घराण्यांची सत्ता होती. स्त्रिया, गुलाम आणि जिंकलेले प्रांत यांना तिच्यात स्थान नव्हते. ज्याचे नाव स्वातंत्र्याच्या उपासकांत घेतले जाते त्या मार्कस ब्रूटसने सायप्रसमधील सालामिस या नगरीला शेकडा ४८ दराने कर्ज दिले होते. वसुलीसाठी त्याच्या माणसाने घोडेस्वार नेऊन तेथील नगरसभेला सभागृहातच कोंडले, आणि पाच सभासद उपासमारीने मेले. सिसेरोच्या पत्रांत हे आले आहे. सालामिसच्या त्या पाच जणांना रोमच्या स्वातंत्र्याचे काय वाटले असेल? तरीही तो काळ वाचताना एक गोष्ट जाणवत राहते. तेथे माणसे एकमेकांना ‘नाही’ म्हणू शकत होती, आणि म्हणत होती.

पहिले रक्त इ.स.पू. १३३ मध्ये सांडले. टायबीरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सार्वजनिक जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा आणला. दुसरा ट्रिब्यून आडवा आला, तेव्हा लोकांचे मत घेऊन त्याला पदावरूनच दूर केले. असे पूर्वी झाले नव्हते. मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी तो त्याच पदासाठी उभा राहिला. तेव्हा सिनेटमधील प्रतिष्ठित मंडळी बाकांचे मोडके पाय हाती घेऊन धावली आणि त्याला व त्याच्या तीनशेंवर अनुयायांना त्यांनी ठार केले. प्रेते टायबर नदीत टाकली. एका पक्षाने रीत मोडली आणि दुसऱ्याने डोकी फोडली. दोघेही प्रजासत्ताक वाचविण्यासाठीच हे करीत होते.

यापुढचा शंभर वर्षांचा इतिहास मी वर्गात लढायांचा म्हणून सांगत असे. आता मला तो अपवादांचा इतिहास वाटतो. उत्तरेकडून किम्ब्री आणि ट्यूटन टोळ्या चालून आल्या, तेव्हा मारियसला इ.स.पू. १०४ पासून सलग पाच वर्षे कॉन्सल केले गेले. नियमाविरुद्ध होते, पण टोळ्यांचा पराभव झाला. त्यानेच भूमिहीनांना सैन्यात घेतले. सैनिक मिळाले, मात्र निवृत्तीनंतरच्या जमिनीसाठी ते सिनेटकडे न पाहता सेनापतीकडे पाहू लागले. समुद्री चाच्यांनी धान्याची गलबते अडविली, तेव्हा इ.स.पू. ६७ मध्ये पाँपीला साऱ्या भूमध्य समुद्रावर अधिकार दिला गेला. एवढा अधिकार एका माणसाला देऊ नये, असे सिनेटमधील जाणती मंडळी सांगत होती. पण त्याची नेमणूक होताच बाजारात धान्य स्वस्त झाले, आणि तीन महिन्यांत समुद्र मोकळा झाला. रोमन अपवादांची हीच खरी अडचण आहे. त्यांतले पुष्कळसे यशस्वी झाले. विरोध करणारे प्रत्येक वेळी तत्त्वाने बरोबर आणि व्यवहारात चूक ठरत गेले, आणि असे चारदोनदा झाले की तत्त्व बोलणारा माणूस लोकांना कटकट्या वाटू लागतो.

इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने स्वतःच्या नगरीवरच सैन्य नेले. रोमन सेनापतीने रोमवर चाल करावयाची, ही कल्पनाच तेव्हा इतकी अघोरी होती की एक क्वेस्टर सोडून त्याचे सारे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. सैनिक मात्र गेले नाहीत. एकोणचाळीस वर्षांनी, इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत, सीझर रुबिकॉन ओलांडून आला तेव्हा त्याच्या नामांकित सहकाऱ्यांपैकी फक्त लाबिएनस त्याला सोडून गेला. पहिल्या खेपेला जवळजवळ सारे गेले, दुसऱ्या खेपेला एक. घसरणीचे माप घ्यावयाचे तर ते रुबिकॉनच्या पाण्यापेक्षा या हिशेबात अधिक नेमके मिळते.

मधल्या काळात भाषेतही एक चमत्कार होऊन गेला. इ.स.पू. ५२ मध्ये क्लोडियस हा नेता रस्त्यावरच्या मारामारीत मारला गेला आणि त्याच्या चितेच्या आगीत सिनेटचे सभागृह जळाले. निवडणुका होऊ शकल्या नाहीत. कोणीतरी आवरावयाला हवे होते. पण सुल्लाच्या आठवणीने ‘डिक्टेटर’ हा शब्द उच्चारण्याची लाज वाटत होती. तेव्हा पाँपीला ‘एकटा कॉन्सल’ करण्याचा ठराव आला, आणि कर्मठ प्रजासत्ताकवादी केटोने त्याला पाठिंबा दिला. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे म्हणून निर्माण केलेल्या पदावर एकटाच माणूस! वस्तू गेली होती, नाव टिकले होते, आणि नाव टिकविल्याचे समाधान केटोसारख्यालाही पुरले.

सीझरला ही कला साधली नाही, किंवा तिची त्याला फिकीर वाटली नाही. तो कर्तबगार होता, क्षमाशीलही होता. पराभूत शत्रूंना त्याने जीवदान दिले, आणि त्यांच्यापैकी काहींनीच पुढे त्याला मारले. पण इ.स.पू. ४४ च्या आरंभी त्याने ‘तहहयात डिक्टेटर’ हे पद घेतले. सहा महिन्यांच्या पदाला आयुष्याची मुदत लावली, आणि उघडपणे लावली. रोमच्या टांकसाळीत जिवंत रोमन माणसाचे तोंड नाण्यावर उमटले तेही प्रथम त्याचेच. १५ फेब्रुवारीच्या उत्सवात अँटनीने त्याच्या डोक्यावर राजचिन्ह ठेवू पाहिले आणि त्याने ते नाकारले. पण नाकारण्याचा प्रसंग यावा यातच सारे आले. १५ मार्च रोजी पाँपीने बांधलेल्या सभागृहात, पाँपीच्याच पुतळ्याच्या पायाशी, तो कोसळला.

मारेकऱ्यांपाशी खंजीर होते, उद्याची योजना नव्हती. राजा गेला म्हणजे प्रजासत्ताक आपोआप परत येईल, अशी त्यांची समजूत होती. ब्रूटसने पुढे जे नाणे पाडले त्याच्या एका बाजूला दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आहे, खाली त्या मार्चमधल्या दिवसाचे नाव. हे नाणे चित्रांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची दुसरी बाजू सहसा दाखविली जात नाही. त्या बाजूला ब्रूटसचे स्वतःचे तोंड आहे. नाण्यावर जिवंत माणसाचे तोंड नसावे, ही रीत दोन वर्षांपूर्वी सीझरने मोडली होती. ती सीझरला मारणाऱ्यालाही परत आठवली नाही.

सीझरच्या मृत्युपत्राने दत्तक झालेला त्याचा भाचेनातू ऑक्टेव्हियन तेव्हा अठरा वर्षांचा होता. सिसेरोला वाटले, या पोराला अँटनीविरुद्ध वापरावे आणि मग बाजूला सारावे. इ.स.पू. ४३ च्या ऑगस्टमध्ये तो पोरगा सैन्य घेऊन रोममध्ये आला आणि वीस वर्षांचे होण्याआधी कॉन्सल झाला. नोव्हेंबरात त्याने अँटनी आणि लेपिडस यांच्याशी सत्तेची वाटणी केली, आणि तीसुद्धा रीतसर कायदा करून. मग वधावयाच्या माणसांच्या याद्या भिंतींवर लागल्या. अप्पियन या इतिहासकाराने मृतांत सुमारे तीनशे सिनेटर मोजले आहेत. ७ डिसेंबरला सिसेरो मारला गेला. ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे, तेथेच त्याचे मस्तक आणि लिहिणारे हात टांगण्यात आले.

प्लुटार्कने पुढची एक हकीकत दिली आहे. अनेक वर्षांनंतर ऑगस्टस आपल्या एका नातवाकडे गेला असता मुलाच्या हाती सिसेरोचे पुस्तक होते. मुलाने घाबरून ते वस्त्राआड लपविले. आजोबांनी ते मागून घेतले, उभ्याउभ्याच बराच वेळ वाचले, आणि परत देताना लेखकाच्या विद्वत्तेची आणि देशप्रेमाची वाखाणणी केली. मी ही हकीकत ऑगस्टसच्या मनाचा मोठेपणा म्हणून वर्गात सांगत असे. पुस्तक लपविणारे मूल माझ्या नजरेतून सुटत होते. राज्य प्रजासत्ताकाचेच आहे असे ज्या घरातून सर्वांना सांगितले जाई, त्याच घरातील मुलाला काय लपवावयाचे ते न सांगता ठाऊक होते.

इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमला अँटनीचा पराभव झाला आणि सत्तेला एकच धनी उरला. १३ जानेवारी २७ रोजी सिनेटमध्ये जाऊन त्याने आपले सारे अधिकार परत देत असल्याचे जाहीर केले. सिनेटने ते मोठ्या आग्रहाने त्याच्याच पदरी घातले. वाटणी अशी झाली, की शांत प्रांत सिनेटकडे आणि अस्वस्थ प्रांत त्याच्याकडे. अस्वस्थ प्रांत म्हणजे बहुतेक सैन्य जेथे होते ते. तीन दिवसांनी त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली. इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपद सोडले आणि ट्रिब्यूनचा अधिकार घेतला. ट्रिब्यून न होता ट्रिब्यूनचा अधिकार. पद वेगळे काढले, अधिकार वेगळा काढला. निवडणुका होत राहिल्या, सिनेट भरत राहिली, दरवर्षी दोन कॉन्सल येत राहिले. तो स्वतः साध्या घरात राहिला. एकाच खोलीत चाळीस वर्षे निजला, असे स्वेटोनियस लिहितो. कोणी ‘धनी’ म्हणून हाक मारली तर त्याला ती खपत नसे.

लोकांना हे नाटक कळत नव्हते का? माझ्या मते कळत होते. इ.स.पू. २२ मध्ये टायबरला पूर आला, रोगराई पसरली, धान्य मिळेना. जमावाने सिनेटला सभागृहात कोंडले आणि धमकी दिली, की ऑगस्टसला डिक्टेटर करा, नाहीतर तुम्हांला आत जाळू. ऑगस्टसने गुडघे टेकले, खांद्यावरचे वस्त्र ओढून छाती उघडी केली, आणि ते पद नको म्हणून विनवणी केली. धान्यपुरवठ्याचे काम तेवढे पत्करले आणि थोड्याच दिवसांत धान्य आणून दिले. सिनेटला जाळू पाहणारे हे लोक कोणी भाडोत्री नव्हते. ते भुकेले होते आणि थकलेले होते. त्यांच्या वाडवडिलांनी शंभर वर्षे प्रजासत्ताकाच्या नावाने माणसे मारली जाताना पाहिली होती. ज्याच्यामुळे रात्री शांत झोप लागते, त्याला कोणत्या कलमाखाली अधिकार मिळाला हे कोण विचारीत बसेल?

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याशिवाय या निबंधाला अर्थ नाही.

ज्या शहरी मी नोकरी केली तेथे मराठी मंडळींनी स्थापन केलेली एक लहानशी संस्था होती. एक वाचनालय आणि वीस-बावीस मुलांचे वसतिगृह. तिच्या घटनेत एक कलम होते. कार्याध्यक्षाची मुदत दोन वर्षे, आणि लागोपाठ दोन मुदतींपेक्षा अधिक काळ कोणी त्या पदावर राहू नये. मी सभासद झालो तेव्हा संस्थेची अवस्था वाईट होती. वार्षिक सभा रात्री अकरापर्यंत चालत आणि आरडाओरड्यात मोडत. एका वर्षी हिशेबाची वही सापडेना. एकदा भांडणापायी खानावळ आठ दिवस बंद राहिली आणि मुले बाहेर जेवली. अशा वेळी एक निवृत्त अभियंते कार्याध्यक्ष झाले. त्यांनी वर्षभरात गळके छप्पर नवे केले, थकलेली बिले स्वतःच्या पैशातून भागविली, खानावळ मार्गी लावली. सभा तासाभरात संपू लागल्या. त्यांची चार वर्षे भरली तेव्हा ‘ते कलम एक वर्षापुरते स्थगित करावे’ असा ठराव आला. सूचक मी नव्हतो, अनुमोदकही नव्हतो. मी चिटणीस होतो. मी लिहिले : ‘साधकबाधक चर्चेअंती ठराव सर्वानुमते संमत.’

चर्चा झाली नव्हती. चहा झाला होता. पण ते वाक्य लिहिताना खोटे बोलत आहोत असे मला वाटले नाही. विरोध कोणाचाच नव्हता. पुढच्या वर्षी तोच ठराव, तेच वाक्य. नंतर सर्वसाधारण सभेऐवजी कार्यकारिणीतच काम उरकू लागले. काही वर्षांनी मी इतिवृत्त आदल्या रात्री घरी लिहून आणू लागलो, म्हणजे सह्यांना वेळ लागू नये. असे अकरा वेळा झाले. त्याच काळात मी सकाळच्या तासाला विद्यार्थ्यांना ‘एकटा कॉन्सल’ या शब्दातली विसंगती मोठ्या रसाने समजावून सांगत होतो.

कार्याध्यक्ष वारले. ते सज्जन होते. त्यांच्याविषयीची माझी कृतज्ञता आजही कमी झालेली नाही. दुखवट्याच्या सभेतच कोणीतरी म्हणाले, “आता त्यांच्या जावयांनीच बघावं, दुसरं कोण आहे?” माना हलल्या. दोन दिवसांनी वसतिगृहातला एक मुलगा घरी आला. तो माझ्या वर्गातही होता. त्याला संस्थेच्या घटनेची जुनी प्रत मिळाली होती, आणि ते कलम रद्द केव्हा झाले हे त्याला पाहावयाचे होते. मी इतिवृत्ताची वही त्याच्या हाती दिली. संध्याकाळभर तो पाने उलटीत बसला. मग म्हणाला, “सर, रद्द झाल्याचा ठराव कुठंच नाही. नुसतं पुढं ढकललंय. म्हणजे नियम अजून आहेच की!” मी काही बोललो नाही. तो जरा थांबला, आणि आवाज खाली आणून विचारता झाला, “हे सगळं अक्षर तुमचंच ना, सर?”

मी हो म्हणालो. इतकी वर्षे फळ्यावर सनांची रांग लिहून ज्या प्रश्नाला मी बगल दिली होती, त्याचे उत्तर त्या संध्याकाळी माझ्याच अक्षरात माझ्या पुढ्यात होते. शेवटचा असा दिवस नसतो. ज्या दिवशी उठून विरोध करावा, असा दिवस कोणाच्या वाट्याला येतच नाही. प्रत्येक दिवशी फक्त एक रास्त अपवाद असतो, एक भला माणूस असतो, आणि ते नीटनेटक्या शब्दांत लिहून ठेवणारा कोणीतरी असतो.

ऑगस्टस १९ ऑगस्ट इ.स. १४ रोजी नोला येथे मरण पावला. पहिल्या कॉन्सलपदाची ती तारीख होती. सुमारे शंभर वर्षांनी त्या दिवसांविषयी लिहिताना टॅसिटसने प्रश्न केला आहे, की ज्याने प्रजासत्ताक पाहिले होते असे कितीसे लोक उरले होते? अ‍ॅक्टियमनंतर जन्मलेली माणसे तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपर्यंतची झाली होती. त्यांना ‘सिनेट’, ‘कॉन्सल’, ‘ट्रिब्यून’ हे शब्द याच अर्थाने माहीत होते. दुसरा अर्थ त्यांनी कधी अनुभवलाच नव्हता. टायबीरियस गादीवर आला, आणि त्याच वर्षी अधिकारी निवडण्याचे काम लोकसभांकडून सिनेटकडे गेले. लोकांनी किरकोळ कुरकुर केली. सिनेटरांना तर हायसे वाटले. मतांसाठी पैसे वाटण्याची आणि दारोदार आर्जवे करण्याची कटकट टळली.

एकदाच काही वेगळे घडू पाहत होते. २४ जानेवारी ४१ रोजी कॅलिग्युलाचा खून झाला. सिनेट कॅपिटॉल टेकडीवर भरली. नेहमीचे सभागृह ज्युलियस सीझरच्या घराण्याच्या नावाचे होते, म्हणून ते टाळले. त्या रात्री पहारेकऱ्यांनी सांकेतिक शब्द कॉन्सलांकडे मागितला. इतकी वर्षे हा शब्द सम्राटाकडून येत असे. कॉन्सलांनी शब्द दिला, ‘स्वातंत्र्य’. तोवर राजवाड्यात सैनिकांना पडद्याआड लपलेला क्लॉडियस सापडला होता. त्याला त्यांनी छावणीत नेऊन सम्राट केले. सिनेटर काय करीत होते? प्रजासत्ताक परत आणावे, की आपल्यापैकीच कोणी सम्राट व्हावे, यावर त्यांचे एकमत होत नव्हते. बाहेर जमलेले लोक एकच राज्यकर्ता मागत होते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द एक रात्र पहाऱ्यावर होता. पहाऱ्यावरच्या शिपायाला तो काय राखण्यासाठी दिला आहे, हे सांगू शकेल असे कोणी उरले नव्हते.

निवृत्तीनंतर एकदा रोम पाहण्याचा योग आला. टायबरच्या काठी ऑगस्टसच्या शांतिवेदीच्या संग्रहालयाबाहेर एक लांब भिंत आहे. तिच्यावर त्याने स्वतःच्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला, तो कोरला आहे. त्यात भारतातील राजांकडून आलेल्या वकिलातींचा उल्लेख आहे, म्हणून मी तो शोधू लागलो. तो मिळाला, पण त्याआधी पुनःपुन्हा येणाऱ्या एका प्रकारच्या मजकुराशी मी थबकलो. सिनेटने ठरविले, लोकांनी एकमताने मागितले, मी नाकारले, मी परत दिले. मला वाटले, हे अक्षर माझ्या ओळखीचे आहे. परतताना रस्त्यावरच्या गटारांच्या लोखंडी झाकणांवर चार अक्षरे दिसली. ‘सिनेट आणि रोमन जनता’ या शब्दांची आद्याक्षरे. पश्चिमेकडील साम्राज्य ४७६ मध्ये बुडाले. त्यानंतरही इ.स. ५४१ पर्यंत कॉन्सल नेमले जात होते. शब्द माणसांपेक्षा फार चिवट असतात.

त्या मुलाने विचारले त्याच्या पुढच्या महिन्यात मी सर्वसाधारण सभा बोलावली. तसा अधिकार चिटणिसाला घटनेनेच दिलेला होता. मी तो अकरा वर्षे वापरला नव्हता. सत्तावीस सभासद आले. मी ते कलम वाचून दाखविले आणि वहीतले माझे अकरा ठरावही वाचले. एक ज्येष्ठ सभासद संतापून म्हणाले, “म्हणजे पुन्हा ती जुनी भांडणं सुरू करायची म्हणता!” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. साडेतीन तास वादावादी झाली. जावयांच्या बाजूने बोलणाऱ्यांत माझे जवळचे मित्र होते, आणि त्यांपैकी एकाने नंतर वर्षभर माझ्याशी अबोला धरला. शेवटी कलम पुन्हा लागू करण्यावर हात वर झाले. मी दोनदा मोजले, आणि तेथेच, सर्वांसमोर, वहीत लिहिले : ‘ठराव बहुमताने संमत. बाजूने चौदा, विरोधात नऊ, तटस्थ चार.’

दोन वर्षांनी वसतिगृहाचे छप्पर पुन्हा गळू लागले. ते कोणी आणि कशातून दुरुस्त करावयाचे, यावर तीन सभा झाल्या. तिन्ही सभांची इतिवृत्ते लांबलचक आहेत आणि त्यांत कोठेही ‘सर्वानुमते’ हा शब्द आलेला नाही.